"अगदी जोरात!"

ऑफिसात सगळे तिला कोकिळा म्हणत. दवाखान्यांना बिलांचं सॉफ्टवेअर विकणारी ती चिमुकली कंपनी, आणि दाराशी फोन सांभाळत बसलेली कोकिळा. फोन करणारा कितीही तणतणत आलेला असो, हिच्याशी बोलला की निवायचा. पडल्या आवाजात कुणालाही फोन ठेवू द्यायचा नाही, हा तिचा नियमच होता. शेअर घेतलेली माणसं विचारत, "काय बाई, कंपनी कशी आहे?" तिचं उत्तर ठरलेलं. "अगदी जोरात! थोडं थांबा, मोठी बातमी येतेय." कसली बातमी, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? पण गोड बोलायला काय पैसे पडतात!

तिचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानाचा गाळा भाड्याचा होता आणि मालक आता तो विकायला निघाला होता. "या महिन्यात तू घे, नाहीतर खाली कर," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. भावाला पैसे थोडेसेच कमी पडत होते. ते भरून निघावेत म्हणून त्याने सगळी शिल्लक ताईच्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातली. ताईला कौतुक वाटलं. उशिरा का होईना, पठ्ठ्याला अक्कल आली म्हणायची.

मग तिमाहीचे आकडे जाहीर झाले. नफा चांगला पाव हिश्शाने वाढला होता. कोकिळेने खुर्चीतल्या खुर्चीत टाळ्या वाजवल्या. दुपारी हिशेबनीस केबिनमधून बाहेर आले ते पांढरेफटक पडून.

"शेअर कोसळला. निम्म्यावर आला."

तिला वाटलं, थट्टा चाललीय. "अहो, नफा वाढलाय ना?"

"वाढलाय. पण लोक दुप्पट धरून बसले होते. त्याच आशेवर भाव चढला होता."

पोरगं चांगल्या मार्कांनी पास झालं, आणि पहिलं आलं नाही म्हणून घरच्यांनी त्याला बाहेर काढलं, त्यातली ही गत! कोकिळा भडकलीच. "दुप्पट? कुणी भरवलं हे त्यांच्या डोक्यात?"

हिशेबनिसांनी चष्मा काढला. "मघापासून जो तो माझ्या मोबाइलवर हेच ऐकवतोय, बाई. म्हणे, फोनवरच्या बाईच म्हणाल्या, मोठी बातमी येतेय."

म्हणजे तिचंच वाक्य! लहान कंपनी, शेअर घेणारे मोजके, एकाचं दुसऱ्याला कळायला कितीसा वेळ! तेवढ्यात फोन वाजला. सवयीने तिने उचलला. भाऊ होता.

"ताई, गाळा गेला गं."

"अरे, पण शेअर घेण्याआधी मला एका शब्दाने विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं की. इथेच फोन केला होता. तूच म्हणालीस, अगदी जोरात, मोठी बातमी येतेय."

तिला काही केल्या आठवेना. दिवसभर इतके फोन, त्यातला हा कुठला?

"अरे बाबा," ती कशीबशी म्हणाली, "ते मी सगळ्यांनाच सांगते."



"सगळ्यांनाच?" भाऊ म्हणाला. "मला वाटलं, भाऊ म्हणून मला सांगितलंस."

आणि त्याने फोन ठेवला.