काना-मात्रा आणि ताईचा स्पीड
अकोल्याच्या आमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात दुपारी ताईचा फोन आला, तो 'हॅलो'च्या आधीच ओरडत. "अवं पोट्टे, माहा स्पीड दुप्पट झाला! पेढे वाटून राह्यली मी!"

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, अमरावतीला सरकारी क्लार्क. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली तरच नोकरी टिकणार होती, आणि ही शेवटची संधी होती. सराव ती आम्हीच बनवलेल्या सॉफ्टवेअरवर करायची. मिनिटाला किती शब्द झाले, ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचं. इतके दिवस पास व्हायच्या काठाखाली अडकलेली बाई आज एकदम दुप्पट? मला लगेच शंका आली, कारण आदल्या संध्याकाळी आम्ही नवीन अपडेट सोडलं होतं.

"शब्द मोजायचा कोड बदलला का रे?" मी पार्टनरला विचारलं. तो बाळापूरचा.

"टेस्ट करके डाला ना, मॅडम!"

टेस्ट उघडली तर काय! 'घर बघ. फळ धर. चल पटपट.' काना-मात्रा टाईप करायचा कंटाळा, म्हणून साहेबांनी सगळी बिनमात्रांची वाक्यं घेतलेली. आणि नव्या कोडला काना, वेलांटी काहीही दिसलं की वाटायचं, संपला शब्द! 'किती'चे दोन शब्द मोजले. 'बाळापूर'चे तर चार.

"पूरा गाँव बाँट दिया यार!" तो कपाळावर हात मारत म्हणाला, आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

दुरुस्ती एका ओळीची होती, ती मी लगेच करून सोडली. पण ताईला सांगणार कोण? परीक्षा परवावर आलेली. मी सरळ अमरावतीची एसटी पकडली आणि तिच्यासमोर बसून खरं सांगून टाकलं.

"काहून सांगतलं वं मले?" ती आधी कडाडली, मग पेढे आठवून स्वतःच खो-खो हसत सुटली. "आता खरा आकडा दिसला का माह्या हाताले कापरं सुटते. थांब." तिनं टिकल्यांचं पाकीट घेऊन त्यातल्याच एका टिकलीनं ते स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर चिकटवलं आणि टायपिंग सुरू केलं. हसू अजून ओसरलं नव्हतं. बोटं अशी पळत होती की बाप्पा! मी पाकीट उचलून बघितलं. खरा आकडा काठाच्या वर होता.

"ताई, झालं तुझं!" मी किंचाळले.

"खोटं बोलून राह्यली तू."

"मीच दुरुस्त केलं ना वं!"

तिनं स्वतः वाकून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. मला इतका आनंद झाला होता की तो लागलाही नाही.

परीक्षेच्या मशीनवर टिकल्या चिकटवायची सोय नव्हती. तरी ती पास झाली, नोकरी राहिली. निकालाच्या दिवशी फोनवर आम्ही दोघी नुसत्या रडत होतो, आणि शेजारच्या खुर्चीतून पार्टनर घाबरून विचारत होता, "अरे, अब क्या टूटा?"