परत येण्याचा स्टॅम्पपेपर

घर नेमकं कुठे सुटलं, असं कोणी विचारलं तर मी विमानतळाचं नाव घेत नाही. नाशिकला सीबीएसच्या स्टँडसमोर कोर्टाचं आवार आहे. तिथल्या एका टायपिस्टच्या टेबलापाशी माझं घर सुटलं. त्याला बावीस वर्षं झाली. मला इंग्लंडातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि आमचे वडील, आप्पा, सकाळच्या पहिल्या एसटीने सटाण्याहून आले होते. अंगात ठेवणीतला सदरा, पिशवीत शेंगदाण्याची चटणी.

व्हिसाच्या अर्जात, शिक्षण संपल्यावर परत जाणार ना, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं होतं. आता आमच्याकडे स्टॅम्पपेपरवर आल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी धरत नाहीत. बांधावरची बाभूळसुद्धा कोणाची, ते लिहून लागतं. तेव्हा आप्पांनी प्रतिज्ञापत्र करायचं ठरवलं. ते कोणी मागितलंय का, हे आप्पांनी विचारलं नाही, आणि एवढा शिकलेला असून मीही विचारलं नाही. टायपिस्टने खडखड करत उतरवलं: माझा मुलगा शिक्षण पूर्ण होताच मायदेशी परत येईल, याची मी हमी देतो. आप्पांनी सही केली, कागद दोनदा वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला.

"जपून ने," म्हणाले. "यात माझा शब्द हाय."

जे तिकडेच राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे येऊन थंडीला नावं ठेवत बसलात, त्या तुम्हा दोघांनाही पुढचं पाठ असेल. शिक्षण संपलं. मग, जरा अनुभव घेऊ. मग लग्न, मग मुलीची शाळा. मी लेस्टरच्या कौन्सिलमध्ये ड्रेनेजचे नकाशे सांभाळतो. इंग्रजांच्या गटारांची खडानखडा माहिती असलेला सटाणा तालुक्यातला मी बहुधा एकटाच. नागरिकत्व घेतलं तेव्हा राणीच्या फोटोसमोर उभं राहून निष्ठेची शपथ घेतली आणि घरी फोन केला. आप्पांनी एवढंच विचारलं, जेवायला काय होतं. मी म्हटलं, चहा-बिस्किटं. ते म्हणाले, बस?

त्याच सुमारास त्यांनी सगळी जमीन धाकट्या भावाच्या, संजयच्या नावावर केली. मला कोणी काही बोललं नाही. मीही हक्क सोडल्याची सही करून आलो. तिसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं.

यंदा आप्पा अठ्ठ्याहत्तरचे झाले आणि अचानक म्हणाले, तुझं घर एकदा डोळ्यांनी बघून घेतो. म्हणाले ते अगदी सहज, पण आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी त्यांच्या व्हिसाचा अर्ज भरला. संजयने त्यांना मुंबईला नेऊन बोटांचे ठसे देऊन आणलं. मुलीने तिची खोली आवरली, आणि आमच्या घरात याला चमत्कार म्हणतात.

नकाराचं पत्र आलं त्याच शनिवारी आमच्या टाउन हॉलमध्ये भारत-ब्रिटन मैत्रीचा कार्यक्रम होता. लेझीम, गार समोसे, गळ्यात साखळी घातलेल्या महापौरबाई, आणि दोन देशांच्या जुन्या नात्यावर बोलायला मी. पत्रात सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं की अर्जदाराच्या नावावर जमीन नाही, घर नाही, तेव्हा ते मुदतीत परत जातील याची खात्री वाटत नाही. सगळं मुलाला देऊन मोकळा झालेला बाप कागदावर असा दिसतो. मला आमच्या नाशिकजवळची देवळालीची लष्करी छावणी आठवली. या इंग्रजांचे पणजोबा तिथे बराकी बांधून राहिले तेव्हा, परत कधी जाणार, असं कोणी लिहून घेतलं नव्हतं. हे वाक्य भाषणात घालायचं मी ठरवलं होतं. घातलं नाही. महापौरबाई चांगल्या आहेत, आणि मी भित्रा आहे. मी पुलावर बोललो. दोन संस्कृतींमधल्या. टाळ्या मिळाल्या.

रविवारी आप्पांना फोन केला. जमिनीचं कारण समजावून सांगितलं, पुन्हा अर्ज करू म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांचं काय चुकलं?" ते म्हणाले. "मी एकदा त्यांना लिहून दिलं होतं, पोरगा परत येईल. नाय आला. आता माझ्या शब्दावर कोण इश्वास ठेवील?"

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आपल्या समजुतीने इंग्लंडच्या दप्तरात खोटा पडून बसला होता, आणि मला पत्ता नव्हता. की होता? खरं तर तो कागद इंग्लंडच्या सरकारपर्यंत कधी पोचलाच नाही. तेव्हाच अर्जाबरोबरची यादी वाचून मी तो बाजूला काढला होता. कोणी मागितला नव्हता. जुन्या सुटकेसच्या कप्प्यात तो अजून आहे. सांगितलं असतं तर आप्पा सुटले असते. पण मग तो शब्द फक्त आमच्या दोघांतला उरला असता, आणि मोडणारा मी एकटा. म्हणून बावीस वर्षं गप्प.

"आप्पा," मी म्हटलं, "तो कागद मी त्यांना दिलाच नाही. माझ्याकडेच आहे."

पलीकडे पंपाचा आवाज येत होता.

"त्यात तारीख टाकलीय का रे, कधी येणार त्याची?"

"नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर, एवढंच."

"मग जपून ठेव," आप्पा म्हणाले. "अजून शिकतोय म्हणावं."

व्हिसाचा अर्ज मी पुन्हा भरतोय. घरही आता तेच राहिलंय: सटाण्याची जमीन नाही, लेस्टरची वीटही नाही, जुन्या सुटकेसमधला एक घडी पडलेला कागद. त्यावर सही आप्पांची आहे. शब्द पाळायचा मात्र मला आहे.