वाळ्याच्या ताट्या

गावंडेसाहेबांसमोर कुणीही उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच, "पानी पेलं का?" समोर कापसाच्या जिनिंगचा मालक असो, तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक असो, नाहीतर माझ्यासारखी नोकरी मागायला आलेली मुलगी. मुलाखतीच्या दिवशी मी घाबरून "हो" म्हणाले, तर ते स्वतः उठले आणि माठातून पेला भरून घेऊन आले. "ओठ तं सुकले तुहे. खोटं काहून बोलते वं? आधी पे, मंग इंग्रजी विचारतो." इंग्रजी विचारायचं ते विसरूनच गेले.

ही साठच्या दशकातली गोष्ट. आमचा फुलांचा मळा अमरावतीला, मी मात्र अकोल्यात मावशीकडे राहून वीज कंपनीच्या कचेरीत नोकरीला लागले. दोन्ही गावांची विजेची बिलं तिथे मशीनवर निघायची. मीटरचा आकडा आम्ही मुली जाड कार्डावर भोकं पाडून उतरवायचो. मग कार्डांचा गठ्ठा मोठ्या मशीनमध्ये घालायचा, ते भोकं वाचून बिलं छापायचं. आज ज्याला कॉम्प्युटरचं काम म्हणतात, त्याची ही बाराखडी होती. पण तेव्हा कुणाला काय त्याचं! कचेरीतले बाबू आम्हाला 'भोकंवाल्या' म्हणायचे. मी एकदा चिडून रडकुंडीला आले, तर साहेब म्हणाले, "म्हनू दे वं त्याईले. याच भोकांतून उद्या तुमी मुंबई पाहसान."

मुंबई खरं तर त्यांनाच पाहायची होती. तिथे मोठ्या कचेरीत नवा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर येणार होता आणि आमच्याकडून एकाला शिकायला बोलावणार होते. तो एक म्हणजे आपणच, याबद्दल साहेबांना तिळमात्र शंका नव्हती, आणि आम्हालाही नव्हती. अकोल्याला हे मशीन आणण्यासाठी त्यांनीच वरच्यांच्या मागे धोशा लावला होता. पत्र्याची नवी ट्रंक घेऊन त्यांनी वर पांढऱ्या रंगात नावसुद्धा काढून घेतलं होतं. आम्ही चिडवायचो, "साहेब, गाडी कधीची?" तर म्हणायचे, "हसा लेको! आल्यावर तुमाले शिकवनारा मीच हावो."

आणि मग मे महिना आला. अकोल्याचा मे ज्याने भोगला नाही त्याला काय सांगावं! आमच्या खोलीवर पत्रे, वर आग, आत मशीनची धग. एका दुपारी माझ्या शेजारची सुमन काम करता करता घेरी येऊन खाली कोसळली. साहेबांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला टांग्यात घालून घरी पाठवलं आणि स्वतःही घरी गेले. परतले ते हातगाडीवर वाळ्याच्या ताट्या घेऊन. स्वतःच्या घरच्या खिडक्यांच्या काढून आणल्या होत्या. आमच्या खिडक्यांना बांधून त्यांनी त्या ताट्यांवर सपासप पाणी मारलं. बाहेरची लू आत येईपर्यंत गार, सुगंधी झुळूक झाली. काय सांगू, स्वर्ग होता तो! साहेब प्रत्येकीजवळ जाऊन विचारत होते, "लागते का हवा? लागते ना?"

हवा आम्हाला लागली तशी कार्डांनाही लागली. ती ओल पिऊन फुगत होती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कोरड्या वऱ्हाडात दमट हवेचा विचार कोण करणार?

त्याच आठवड्यात मुंबईचे अधिकारी आले. साहेबांनी मोठ्या ऐटीत गठ्ठा मशीनमध्ये घातला. मशीनने दोन-चार कार्डं गिळली, खरखर केली आणि पुढची चावून चोथा करून टाकली. दुसरा गठ्ठा घातला, तीच गत. अधिकाऱ्यांनी एक कार्ड बोटांत धरून वाकवलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"मशीनच्या खोलीत पाणी कुणी आणलं?"

"मी आणलं, साहेब. पोरी चक्कर येऊन पडत होत्या."

"तुम्हाला मुली कळतात, गावंडे. मशीन कळत नाही."

संपलं. त्या एका वाक्यात त्यांची मुंबई गेली. दुसरं नाव सुचवा म्हटल्यावर त्यांनी माझं सुचवलं. आमचे वडील भडकले, एकट्या पोरीला मुंबईला धाडायला ते काही खुळे नव्हते. तेव्हा साहेब गाडीने अमरावतीला आले आणि आमच्या मळ्यात शेवंतीच्या वाफ्यापाशी बसले. "भाऊ, पोरगी हुशार हाये. माह्यं राहिलं थे राहिलं, हिचं राहू देऊ नका." वडील उठले आणि आत जाऊन त्यांनीच पाणी आणलं. साहेबांनी मला स्वतःची ट्रंक दिली. मुंबईच्या त्या कचेरीत मी उतरले ती त्यांचं नाव घेऊन.

आणि कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडल्याबरोबर काय लागलं असेल? गारवा! मशीन तापू नये म्हणून खोली थंड ठेवलेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

दिवाळीत अकोल्याला गेले, तर साहेबांना तक्रारींच्या टेबलावर बसवलेलं. पाणी पिऊन झाल्यावर मी गारव्याचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे मशीनलेई थंडावा लागतेच. मंग माह्यं काय चुकलं होतं वं?"

त्यांची हवा ओली होती आणि मुंबईच्या त्या खोलीतली यंत्राने कोरडी केलेली, एवढंच. ते मला ठाऊक होतं. पण जीभ रेटली नाही. "काही नाही चुकलं, साहेब," मी म्हणाले.

"जाऊ दे. मशीनच्या पुण्याईनं तिथल्या पोरी तरी सुखात राहतीन."

"मी नेते तुम्हाला दाखवायला. या थंडीत चला."

"थंडीत काय येऊ? उन्हाळ्यात येतो, गार हवा खायले."

तो उन्हाळा त्यांना दिसला नाही. संक्रांतीनंतर छातीत कळ आली आणि गेले. ही हळहळ माझ्या मनातून अजून जात नाही. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीवर पाटी होती, पाणी आत आणू नये. साहेब आले असते तर ती वाचून न वाचल्यासारखं करत हातात पेला घेऊन आत शिरले असते, प्रत्येक मुलीला विचारलं असतं, "पानी पेलं का?" आणि कुणी त्यांना बाहेर काढायला आलं असतं, तर या वेळी गाठ माझ्याशी होती.