यासीनचं घर इकडं होतं

दादा, तू मला सोडायला कोल्हापूरच्या ठेसनावर आलास, तेव्हा आई डब्याच्या खिडकीशी उभी राहून एकच सांगत होती, "पोचलास की कागद धाड." महाराजांच्या पागेत घोडी सांभाळणारा मी, सरकारच्या पलटणीत खेचरं हाकायला निघालो होतो. वर्षभरात येतो म्हणालो होतो. आज बसऱ्यात माझी बारा वर्षं झाली. रेल्वेच्या कारखान्यात कामाला आहे, खुबूस नावाची इथली भाकरी खातो, बाजारात अरबीत भांडतो.

तुला यासीनचं सांगायचं राहिलं होतं. लढाईच्या दुसऱ्या वर्षी तुर्कांचे काही अरब शिपाई हात वर करून आमच्याकडे आले. इंग्रज त्यांच्या मुलखावर चालून आलेले, आणि आम्ही इंग्रजांचे. तरी त्यातले काही आमच्या बाजूनं तुर्कांशी लढायला राहिले. मी तेव्हा खेचरांच्या तुकडीवर नाईक होतो, यासीन माझ्या हाताखाली आला. पहिल्याच दिवशी मी त्याला टोचलं, "आपली फौज सोडताना लाज न्हाय वाटली?"

बसऱ्याच्या बंदरात शिकलेल्या तोडक्यामोडक्या हिंदुस्थानीत तो म्हणाला, "तुर्कानं मला घरातून ओढून नेलं होतं. आता माझं गाव तुमच्या मागं राहिलंय. घर इकडं, मग मी तिकडून कशाला लढू?"

दर शुक्रवारी तो होडीनं गावी जायचा आणि धुतलेले कपडे घालून यायचा. त्या कपड्यांना चुलीचा वास असायचा, तो मला सहन व्हायचा नाही. मी इमानानं चाकरी केली आणि माझं घर समुद्रापलीकडं. त्यानं निशाण बदललं आणि त्याला घर मिळालं.

मग तुझा कागद आला. आई तापात जाऊन दोन महिने झाले होते. त्याच आठवड्यात यासीन आला. "नाईक, आई आजारी आहे. चार दिवस सोडा."

साहेबानं मला विचारलं, माणूस भरवशाचा आहे का? मी म्हणालो, "न्हाय साहेब. एकदा पलटलाय, परत पलटंल."

तो पलटणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याची रजा तर गेलीच, शुक्रवारचं जाणंही बंद झालं.

पंधरा दिवसांनी त्याची आईच आली. अंथरुणातून नुकती उठलेली, काठी टेकत, पहाऱ्यावरच्या शिपायाला मुलाचं नाव सांगत उभी राहिली. यासीन धावत गेला. मग तिनं माझ्या हातात खजुरांचं गाठोडं ठेवलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

"म्हणतेय, माझ्या पोराला सांभाळणारा तूच ना?" यासीननं सांगितलं.

मी व्हय म्हणालो. तेव्हा लाज वाटायला हवी होती दादा, पण मला हेवाच वाटला. कुणी चालत येऊन भेटावं एवढ्या अंतरावर मी उरलोच नव्हतो.

लढाई संपल्यावर मी घरी आलो. दार वहिनींनी उघडलं. तुमचं लग्न माझ्या माघारी झालेलं. त्या म्हणाल्या, "कोण पावणं? कुणाकडं आलायसा?" त्यांची काय चूक? तू येईपर्यंत मी सोप्यात बसून राहिलो. तुम्ही काही कमी केलं नाहीत, तरी महिन्याभरात मी परत निघालो. तू कारण विचारलंस, मी नोकरीचं नाव सांगितलं. खरं म्हणजे पोचल्याचा कागद धाडायला आता तिथं आई नव्हती, आणि तुझा भरला संसारही मला बघवत नव्हता.

यासीन हल्ली होडी चालवतो. परवा नदीकाठी मी त्याला साहेबापुढं बोललेलं सगळं सांगितलं. त्यानं होडीचा दोर खुंट्याला आवळून बांधला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "थकलीय ती. शुक्रवारी तुझी वाट बघते."

घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून कोल्हापूरच सांगतो, आणि शुक्रवार आला की त्याच्या होडीत बसतो. गावी पोचलो की त्याची म्हातारी आधी त्याला हाक मारते, मग मला. एवढंसुद्धा मला अजून सलतं.