पणजोबांची चौकशी

पणजोबांचं नाव काय, एवढंच मी विचारलं आणि माझ्या सख्ख्या भावाने वकील गाठला.

पणजोबांना जाऊन किती वर्षं झाली, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. त्यांचा फोटो नाही, काठी नाही, साधा तपकिरीचा डबासुद्धा नाही. अशा माणसाच्या नावात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. चूक माझीच. पेण-रोह्याकडची बाई असून मी माहेरच्या पूर्वजांची चौकशी केली! आमच्याकडे बाईने माहेरी चार दिवस राहावं, येताना वाल-तांदूळ बांधून आणावेत, भावजयीचं काय काय चुकतं तेही सांगावं. हे सगळं चालतं. पण तिने "आजोबांना भावंडं किती रे?" असं विचारलं, की ती हिस्सा मागायला आली असं धरून चालतात. रस्ते रुंद झाले, कारखाने आले, तेव्हापासून आमच्या भागात वंशावळ निघते ती तलाठ्यासमोर, नाहीतर वकिलासमोर.

मला ही अवदसा आठवली ती विहीणबाईंमुळे. लेकीच्या सासरी पुण्याला गेले, तर दिवाणखान्यात भिंतभर वंशवृक्ष टांगलेला.

"आमचे मूळपुरुष सरदार होते बरं का," विहीणबाई म्हणाल्या. "तुमचे कोण?"

आता माझं ज्ञान आजोबांपाशी संपतं, आणि त्यांच्याबद्दलही एवढंच माहीत की त्यांना झोपेत घोरायची सवय होती. पण मी काय कमी आहे?

"आमचाही तयार होतोय," मी ठोकून दिलं. "एवढी मोठी फ्रेम पेणला मिळत नाही, म्हणून अडलंय!"

घरी, पेणच्या रामवाडीला, परत आल्यावर पहिलं काम केलं ते धाकट्या भावाला, बबनला, फोन लावायचं. तो रोह्याच्या पलीकडे आमच्या गावात राहतो आणि शेती बघतो.

"बबन, आपल्या पणजोबांचं नाव काय रे?"

 पलीकडे एक कोंबडी ओरडत होती, तीसुद्धा गप्प झाली.

"कशाला?"

"अरे, सहज."

(हा माझा दुसरा गुन्हा. आमच्या गावात आजवर जे जे सहज आले, ते जाताना जमिनीची मोजणी करून गेले.)

"भावजी बाजूला हायत काय?"

"ते बाजारात गेलेत."

"मग स्पीकरवर कोन ऐकतंय?"

"कोणी नाही रे बाबा!"

"थांब, नंदाकडं देतो."

नंदा माझी भावजय. गोड बाई आहे, पण ती जास्त गोड बोलायला लागली की मी सावध होते.

"वन्सं, जेवलात?"

माझी अजून आंघोळ व्हायची होती.

"वन्सं, तुमाला कोनी काय भरवलंय का? नाय, भावजी आता रिटायर झाले ना डोलवीच्या कंपनीतनं. शिफ्ट नाय, काय नाय. रिकाम्या मानसाच्या डोक्यात काय पन येतं."

हे बाजारातून आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. तर यांनी शांतपणे पिशवी ठेवली, स्वयंपाकघरात गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला चहा करून दिला.

"तुझं म्हणणं बरोबर आहे," हे म्हणाले.

"कोणतं?"

"मुलींना समान हक्क आहे. कायदाच आहे तसा."

"अहो, मला वंशवृक्ष करायचाय!"

"हां हां. सध्या वृक्षच म्हणायचं," आणि यांनी मला डोळा मारला!

म्हणजे भावाला वाटतं नवऱ्याने फितवलं, नवऱ्याला वाटतं बायको आतल्या गाठीची आहे. मी ठरवलं, समोरासमोर बोललं की सगळं मिटेल. रोह्याची एसटी पकडली आणि गाव गाठलं.

दारात पाऊल टाकलं आणि वासानेच मी उंबऱ्यात थबकले. वालाचं बिरडं! वाल भिजवा, मोड आणा, मग एकेक दाणा सोला, अख्खी सकाळ जाते. एरवी मी गेले की बटाट्याची भाजी असते, आणि ती मला आवडतेही. बिरडं आमच्या नंदाने आजवर दोनदाच केलं होतं, एकदा तिच्या भावाच्या साखरपुड्याला आणि एकदा मोजणीवाले साहेब आले होते तेव्हा.

जेवायला जनूही होता. जनू शेजारच्या घरातला, भावकीतला. त्याचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ. "आलो सहज," असं तो म्हणाला खरा, पण बबनने त्याला साक्षीदार म्हणून बसवलाय हे मला वाढपाच्या आधीच कळलं.

मी मुद्द्यावर आले. "बबन, आजोबांना भाऊ किती?"

"एक पन नाय," बबन ताठ बसून म्हणाला. वकिलाने पढवलेलं होतं ना! "आजोबा एकटेच."

जनूने हातातला घास ताटात ठेवला. "एकटे? मग माझा आजा काय कुंडलिकेच्या पुरातनं वाहून आला व्हता?"

"तसं नाय रे जनू..."

"तसं नाय तर कसं? बांध माझ्या आज्यानं घातला, विहीर माझ्या आज्यानं खनली, आन् आता तो जल्माला पन नाय आला?"

"बरं, दोन भाऊ," बबनने तडजोड केली.

"तीन!" जनू आता पेटला होता. "तिसरा मुंबईला गेलेला."

आणि हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की मुंबईला गेलेल्यालाही पोरंबाळं असू शकतात. त्याने बबनकडे पाहिलं, बबनने त्याच्याकडे.

"तो बिनलग्नाचा वारला!" दोघं एकदम ओरडले. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

"आणि त्यांच्या बहिणी?"

"त्या पन वारल्या. लहानपनीच."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्या दुपारी आमच्या घराण्यात भलतीच साथ आली. मी ज्याचं नाव काढेन, तो पटकन निपुत्रिक होऊन मरत होता. मी मात्र हटले नाही. "बरं, आपल्या वडिलांना बहिणी किती?"

"नव्हत्याच."

"अरे, गंगूआत्या? हमरापूरची? दरवर्षी आपला गणपती तिच्या घरून येतो!"

बबन घुटमळला. "ती मानलेली असंल."

"आणि मी? मी पण मानलेलीच का?"

"तू हायस ना, ताई," बबन खाली बघत म्हणाला. "तुजाच तर घोर हाय."

खरं सांगते, परतीच्या एसटीत मला रडू आलं. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे हा बबनच. लहानपणी याला कडेवर घेऊन फिरून माझी कंबर कायमची एका बाजूला झुकली आहे. त्याने दार लावून घेतलं तर मी जायचं कुठे? खड्ड्यात गेला तो वंशवृक्ष, असं मी पेणला उतरेपर्यंत ठरवलंही होतं. पण गंगूआत्या नव्वदीला टेकलेली. जुनं काही सांगू शकेल अशी ती एकटीच उरलेली, आणि ती गेली की आमचे सगळे पूर्वज बबन आणि जनूच्या ताब्यात! म्हटलं, एकदा आत्याला ऐकून घ्यायचं आणि मग विषय बंद. नंदाचा आता रोज फोन यायचा, "वन्सं, आज कुठं भायेर?" असा. मी भाबडेपणाने सांगून टाकलं, "उद्या हमरापूरला."

आत्याच्या सासरी गणपतींचा कारखाना आहे. ओटीपासून परसापर्यंत मूर्तीच मूर्ती, बिनरंगाच्या, अर्ध्या रंगाच्या. त्यांच्यामध्ये चटईवर आत्या बसलेली. मी मोबाईल समोर टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि प्रेमाने म्हणाले, "आत्या, तुझं नाव सांग, वडिलांचं नाव सांग."

आत्या एकदम सरळ झाली. पदर डोक्यावर घेतला, घसा साफ केला.

"मी, गंगूबाई, वय अंदाजे नव्वद, धंदा घरकाम, राजीखुशीने आन् अक्कलहुशारीने, कोनाच्या दबावाला बळी न पडता लिहून देते की..."

"आत्या! हे काय?"

"मंग? बापसाचं नाव इचारलं की असंच बोलायचं असतं ना? अंगठा कुठं करू?" आणि तिने शेजारच्या लाल रंगाच्या वाटीत अंगठा बुडवलासुद्धा!

"तुला हे कुणी शिकवलं?"

"तुज्या बापसानं गो, सुमे. पेढे घेऊन आला व्हता. गंगू, बापाचं नाव सांग, म्हनला, आन् गाडीत बसवून हापिसात नेलं. हक्क सोडला मी. तवापासनं माहेरचं कोनी गोड घेऊन आलं, की मी आधी अंगठा पदरात लपवते." ती माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत मी आणलेले पेढे होते.

मी पिशवी हळूच पाठीमागे सरकवली. वडिलांचा असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. बबन! आणि काखेत गणपतीचा पाट! आमच्याकडे मूर्ती सांगायची तर घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यावा लागतो, त्या पाटावर मूर्ती बसते. पण तो द्यायचा आषाढात. आणि हा मार्गशीर्ष चालला होता!

"आलो व्हतो पाट द्यायला," बबन म्हणाला.

"गनपती आताच तर गेला," आत्या म्हणाली. "त्याला घरी पोचू तरी द्याल का नाय?"

बबनच्या मागून जनू उतरला. तो बबनवर नजर ठेवायला आला होता, आणि त्याने ते लपवलंही नाही.

आता बबनचाही धीर संपला. त्याने पाट भिंतीला टेकवला आणि शर्टाच्या आतून एक घडी घातलेला कागद काढला. "ताई, फिरवाफिरवी नको. तुला काय नको ना आमचं? मग हक्कसोडीवर सही कर. मग पणजोबाच काय, त्याचा बापूस पन इचार."

माझं डोकं फिरलं. "आण इकडे! आत्ताच करते! मला तुझी ढेकूळभर माती नको!" शंभरेक गणपतींच्या साक्षीने मी किंचाळले. जनूने खिशातलं पेन इतक्या चपळाईने पुढे केलं, की ते त्याने मघापासून उघडूनच धरलं असावं.

"थांब गो," आत्या म्हणाली. "कवापासनं पणजोबा पणजोबा चाललंय. जमीन त्याची हायच कुठं?"

"म्हंजे?" बबन आणि जनू, दोघंही.

"तो पेनचा. मिठागरातलं मीठ बैलावर लादून रोह्याकडं इकायला जायचा. माझ्या आज्जीच्या, म्हंजे तुमच्या पणजीच्या, दारात त्याचा बैल लंगडला. आज्जी बापाची एकटी पोर, भाऊ नाय. बैल आठवड्यात बरा झाला, पन ह्यो बाबा काय हालंना! शेवटी लगीन लावून दिलं. घरजावई. डोंगराकडची वरकस, विहीर, भाताची खाचरं, समदं आज्जीचं. पोरीच्या जमिनीवर बसून पोरींचे अंगठे घेत फिरताय व्हय रे?"

 जनू भिंतीला टेकून खाली बसला.

"त्याचं नाव काय होतं आत्या?" मी विचारलं. मला अजून फ्रेमची आशा होती.

"कोनाला म्हाईत? समदा गाव त्याला जावईच म्हनायचा. आज्जीचं सांगते. सोनू."

बबनचा चेहरा पडला होता. मला त्याची दया आली, आणि त्याने लगेच ती घालवली. कागद माझ्यापुढे सरकवून तो पडेल आवाजात म्हणाला, "त्ये समदं ठीक हाय. ताई, सही करते म्हनालीस ना?"

म्हणाले होते. सगळ्यांनी ऐकलं होतं, मोबाईलमध्येही होतं. मी पेन घेतलं, कागदावर टेकवलं. टेकवलं आणि हात काही पुढे जाईना. आत्या लाल अंगठा वर धरून माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?" बबनने विचारलं.

"अरे, चष्मा घरी राहिला."

"ताई, नाकावर हाय."

"हा लांबचा रे. याने जवळचं दिसत नाही."

विहीणबाईंना मी कळवून टाकलं, की आमच्याकडे मूळपुरुष बाई निघाली. बबनने दार काही लावलं नाही. मागच्या भाऊबीजेला तो आला, साडी आणली, वाल आणले, आणि शर्टाच्या आत तो कागदही होता. ओवाळून झालं, फराळ झाला, मग त्याने हळूच विचारलं, "ताई, जवळचा चष्मा गावला काय?"

"शोधतेय रे, कालपासून अख्खं घर पालथं घातलं," मी म्हणाले. बबन येणार असं कळलं, की चष्मा मी आदल्या दिवशीच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते.