पाणी येऊन राह्यलं

अमरावती हे अकोल्यापेक्षा राहायला चांगलं शहर आहे, हे मी माझ्या सासऱ्यांना पुराव्यानिशी पटवायला गेलो. तेव्हापासून आमच्या घरात 'पुरावा' हा शब्द उच्चारायची मला बंदी आहे.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, अकोल्याला जठारपेठेत एकटे राहत होते. एकदा ते न्हाणीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण शेजाऱ्यांना कळेपर्यंत दुपार उलटली होती. त्यानंतर माझी बायको वैशाली रोज सकाळी त्यांना फोन लावायची आणि त्यांनी उचलेपर्यंत चहाला तोंड लावायची नाही. मग एक दिवस मला म्हणाली, "बाबाले इकडं आना. तुमी एवढे शिकेल, तं समजावून सांगा ना त्याईले."

आता 'शिकेल' हा शब्द ऐकला की माझी छाती आपोआप फुगते. आमच्या मोर्शीकडच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, तीही भूगोलाची. (आमचे वडील आजही पाहुण्यांना सांगतात, "आमच्या पोराले जगाचा नकाशा येते." पोराला अंजनगावचा रस्ता विचारावा लागतो, हे ते सांगत नाहीत.) मी मोबाईल उघडला. राहण्याजोग्या शहरांची कुठलीशी यादी सापडली. कोणी केली, कशी केली, हे पाहिलं नाही. अमरावती अकोल्याच्या वर होती, तेवढं पाहिलं आणि अकोल्याची गाडी पकडली.

मामाजींनी ती यादी आधी चष्मा लावून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली.

"हे मोजते कोन?"

"तज्ज्ञ असतात, मामाजी."

"ते अकोल्यात राह्यले होते काय?"

"राहायची गरज नसते. निर्देशांक काढतात. पाणी, रस्ते, दवाखाने, बगीचे..."

"आन ऊन?"

"ऊन कशाला मोजतील?"

"मंग मोजलं काय त्याईनं? अकोल्याचं ऊन धरलं नाई, तं अकोला धरलंच नाई."

लोकांना आपल्या गावच्या किल्ल्याचा असतो, तसा मामाजींना अकोल्याच्या उन्हाचा अभिमान आहे. त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि शांतपणे विचारलं, "बरं, संध्याकायी ओट्यावर बसलं तं कोनी थांबून बोलते का, हे हाये का याच्यात?"

खरं सांगतो, हा प्रश्न मलाही तितक्यात पडला होता. असल्या गोष्टी मोजत असतील का? कशानं मोजत असतील? पण सासऱ्यासमोर 'माहीत नाही' म्हणायचं, तर पदवी घेतली कशाला? "ते सामाजिक घटकात येतं," मी दिलं ठोकून.

"ठीक हाये, जवाईबापू. पंधरा रोज येऊन पाहतो. तुमच्या यादीपरमानं निंगालं, तं राहीन. नाई निंगालं, तं मले पुन्हा बोलवाचं नाई. वैशूनंबी नाई."

मी हे फोनवर वैशालीला विजयाची बातमी म्हणून सांगितलं. पलीकडून आवाज आला, "मी तुमाले समजवाले पाठवलं होतं. तुमी शर्यत कायले लावली?"

मामाजी आले. मी त्यांना वडाळी तलावावर नेलं. "पाहा मामाजी, केवढी हिरवाई." ते म्हणाले, "आमच्या मोर्ना नदीतबी जलकुंभी हिरवीच असते." मी एका नव्या रस्त्याचं कौतुक करायला लागलो आणि पुढच्याच वळणावर तो रस्ता पाईपलाईनसाठी खणलेला निघाला. 'आमच्याकडे लाईट सहसा जात नाही' हे वाक्य मला अंधारात पूर्ण करावं लागलं. वैशाली दारामागून माझ्याकडे अशी पाहायची, की त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं.

अशात एका सकाळी दारावर एक मुलगी आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. पुण्याहून आली होती. शहर राहायला कसं आहे, यावर ती नागरिकांची मतं गोळा करत होती. मला वाटलं, देवानं साक्षात यादीच घरी पाठवली!

"घरातल्या ज्येष्ठांशी बोलता येईल का?" तिनं विचारलं.

मी मामाजींना खुर्ची दिली आणि कानात म्हणालो, "मामाजी, चांगलं चांगलं सांगा." आणि खरंच सांगतो, त्या माणसानं मनापासून चांगलंच सांगितलं.

"काका, नळाला पाणी येतं का?"

"येऊन राह्यलं ना." (आत नळ खरंच सुरू होता. बादली भरल्याचा आवाज येत होता.)

मुलगी थांबली. "येऊन राहिलं? म्हणजे साचून राहतं का?"

"साचते कायले? येऊन राह्यलं."

तिनं काहीतरी टिपलं. "आणि कचऱ्याची गाडी?"

गल्लीच्या तोंडाशी गाडीचं गाणं वाजत होतं. "तेबी येऊन राह्यली."

"किती दिवसांपासून?"

"रोजच येऊन राह्यली."

"अच्छा," ती गंभीर झाली. "आणि वीज?"

वरचा पंखा नेमका तेव्हाच मंदावला. मामाजींनी वर पाहिलं. "हे पाहा, जाऊन राह्यली."

आता पदवीधरानं मध्ये पडणं भाग होतं. "मॅडम, आमच्या बोलीत 'येऊन राहिलं' म्हणजे 'येत आहे'."

"म्हणजे कचरागाडी रोज येत आहे, येत आहे, पण पोचत नाही?"

समोरचे सलीमभाई टेलर गडबड ऐकून ओट्यावर आले. "क्या हुआ?" मी म्हणालो, "सलीमभाई, सांगा यांना, आपली गल्ली साफ असते की नाही?" सलीमभाई म्हणाले, "होके रही ना, बाप्पा." मुलीनं तेही टिपलं आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. घरासमोर पाणी साचून आहे, कचरागाडी कायमची उभी आहे, वीज गेलेली आहे, सफाई राहिलेली आहे.

मामाजी खुर्चीतून उठले. "कोन म्हनते असं? एवढ्या मस्त गावाले नावं ठेवून राह्यली तू, पोरी? घरात पानी हाये, दारात गाडी हाये, तलाव हाये. पुन्यात हाये काय असं?"

मी थक्क. अकोल्याचा माणूस अमरावतीसाठी भांडत होता. वैशाली तर पदर तोंडाला लावून उभी होती.

"काका, तुम्ही इथलेच ना?"

"मी अकोल्याचा."

"मग तुमचं मत धरता येणार नाही," असं म्हणून तिनं सगळं पुसून टाकलं आणि टॅब माझ्यापुढे केला. मला इतका घाम फुटला होता, की मी प्रत्येक प्रश्नाला 'सर्वसाधारण' सांगून मोकळा झालो.

संध्याकाळी मामाजी ओट्यावर बसले. वैशालीनं चहा दिला आणि तिथंच थांबली.

"यादी तं फेल झाली, जवाईबापू," मामाजी म्हणाले. "रस्ता खोदेल, लाईट जाते, ऊनबी हलकं. अकोला वरच हाये."

दोरीवरचे त्यांचे वाळलेले कपडे काढून वैशाली घड्या घालायला लागली.

"थांब ना वैशू. ठेव ते. मी कुठं जाऊन राह्यलो?"

"पन तुमीच म्हनलं होतं, बाबा..."

"म्हनलं होतं. अकोल्यात सगळं बरं हाये. पन लोकं मले 'हो काका, बरोबर काका' म्हनून निंगून जाते. दिवसभर कोनी एक चुकीचा शब्द बोलत नाई. टाईम जात नाई मानसाचा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "इथं याईनं सकायी तोंड उघडलं, का मले रात्रीपर्यंत काम भेटते."

वैशालीनं कपडे आतल्या कपाटात नेऊन ठेवले. तिचे डोळे पुसायचे होते, पण हसूही आवरत नव्हतं. त्यामुळे दोन्ही कामं तिनं पदरानंच उरकली.

म्हणून यादी करणाऱ्या तज्ज्ञांना माझी नम्र विनंती आहे. अमरावतीचे रस्त्याचे आणि विजेचे गुण हवे तेवढे कापा. पण ज्येष्ठ नागरिकांसाठी इथं हमखास चुकीचं बोलणारा एक पदवीधर घरपोच, विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे, त्याचे तेवढे द्या.