कोतवाल गप्प बसला तो दिवस

बोरगव्हाणचा रामकिसन कोतवाल दिसायला इतका साधा, की चार माणसांत उभा राहिला तर पाचवा कुणाच्या लक्षातही येऊ नये. खिशाला पेन अडकवलेला पांढरा शर्ट, गुडघ्यावर चकाकी आलेली पँट, आणि मोबाईल कायम मुठीत. वय बावन्न. सरकारनं आता कोतवाल हे नाव काढून महसूल सेवक असं भारदस्त नाव दिलंय म्हणे. देऊ द्या बापडं! गावाच्या तोंडात ते काही बसलं नाही. नोटिसा वाटायच्या, पंचनाम्याला पंच गोळा करायचे, तलाठ्याचं दप्तर उचलायचं आणि तहसीलची गाडी आली की पुढं पळायचं, असं पंचवीस वर्षं चाललं होतं.

गाव शहागडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. गावाला दोन घाट, खालचा आणि वरचा. नदीत वाळू आहे, आणि वाळू आहे तिथं टिप्पर आहेत, हे काही सांगायला नको. वरच्या घाटाकडं वाळू उपसून उपसून असले खड्डे पडलेत की उन्हाळ्यातही त्यात दोन पुरुष पाणी उभं असतं. पोहणारा गडीसुद्धा तिकडं पाय टाकत नाही.

त्या टिप्परांपैकी एक कल्याणचा. कल्याण म्हणजे रामकिसनच्या बहिणीचा, झुंबरबाईचा, एकुलता एक लेक. बाप गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. तेव्हापासून मामाच्याच घरी वाढला. मामाच्या ताटात जेवला, मामाच्या सायकलीवर शाळेत गेला, दहावीला दोनदा बसला आणि मग स्टेअरिंग धरलं. रामकिसननं त्याला पुष्कळ शिव्या घातल्या. पण शिव्या घालून कुणी रक्ताचं माणूस परकं होतं का?

दुसऱ्या बाजूला सुहासिनी मॅडम. नायब तहसीलदार. जालन्याच्या शिकल्यासवरल्या घरातल्या, बोलायला कडक, पण मनानं फार मोठ्या. दोन वर्षांमागं रामकिसनच्या अक्षताला डेंग्यू झाला, पोरगी डोळे फिरवायला लागली, तेव्हा मॅडमनी मिटिंग सोडली आणि स्वतः शेजारी बसून तिला सरकारी गाडीतून जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. त्या दिवशी रामकिसन दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला होता. आज अक्षता कॉलेजात जाते ती मॅडममुळं, असं तो येताजाता सांगायचा.

आता सांगा, असल्या माणसानं कुणाचं व्हावं?

त्यानं दोघांचंही व्हायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, होऊन गेला. तहसीलची गाडी निघाली की कल्याणला एक मिस कॉल. मिस कॉल नाही म्हणजे रस्ता मोकळा. आणि घाटावर माणसं जास्त असली, पिऊन असली, गाडी अंगावर घालण्याची भाषा चालली असली, की मॅडमना फोन: "मॅडम, आज नका येऊ, गर्दी हाय." फोन नाही म्हणजे धोका नाही. कल्याणला वाटायचं, मामा तहसीलात बसून आपली राखण करतो. मॅडमना वाटायचं, अख्ख्या नदीकाठावर हा एकच माणूस आपला आहे. दोघांचंही खरंच होतं की! मधून मधून मॅडमच्या हाती एखादा दुसऱ्या गावचा ट्रॅक्टर लागू द्यायचा, म्हणजे त्यांच्याही वरच्या साहेबांचं समाधान. शेजारच्या तालुक्यात एका तलाठ्याच्या पायावरून टिप्पर गेला तेव्हा रामकिसन घरी येऊन अक्षताच्या आईला म्हणाला होता, "आपल्याकडं आसं होनार न्हाई. म्या हाय ना मधी."

त्याला एवढंच हवं होतं. भाचा तुरुंगात जाऊ नये आणि मॅडमच्या केसाला धक्का लागू नये. बाकी वाळू गेली खड्ड्यात.

संध्याकाळची जेवणं झाली की अक्षता मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायची आणि बाप-लेक मिळून एक मालिका बघायचे. धुक्याचं राज्य, उडणारे साप, बोलणारी तलवार, असला सगळा कारभार. सुरुवातीला रामकिसन म्हणायचा, काय हे खुळ्यावानी! मग त्यात नीलाक्ष आला. नीलाक्ष हा राणीचा हेर, आणि तोच डोंगरपलीकडच्या सरदाराचाही हेर. दोन्हीकडं मान, दोन्हीकडं ताट. त्या दिवसापासून रामकिसन जेवण उरकून आधीच जागा धरून बसायला लागला. नीलाक्ष खिंडीतून घोडा काढायचा तेव्हा ह्याच्या हाताला घाम सुटायचा.

त्या रविवारच्या भागात राणीला संशय आला. तिनं आपल्या तीन सेवकांना वेगवेगळं बोलावलं आणि प्रत्येकाला सांगितलं, उद्या खजिना निघणार, फक्त तुलाच सांगते. मात्र दरवाजा प्रत्येकाला निराळा सांगितला. आणि ज्या दरवाजावर शत्रू आला, त्या दरवाजाचा माणूस तिनं उकळत्या डांबरात सोडला. तो नीलाक्ष नव्हता, दुसराच कुणी होता. पण डांबरात बुडणाऱ्या त्या माणसाचा हात कितीतरी वेळ पडद्यावर हलत होता.

"आता नीलाक्षचा नंबर," अक्षता म्हणाली.

"बंद कर ते," रामकिसन म्हणाला. आणि तांब्याला टेकवलेला मोबाईल त्यानं स्वतःच पालथा घातला.

सोमवारी सकाळी तहसीलात मॅडमनी त्याला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटायची त्यांची सवय नव्हती.

"रामकिसन, ऑफिसातून बातमी फुटतेय. दर वेळी गाडी पोहोचायच्या आत घाट रिकामा होतो. यावेळी मी कुणालाच सांगितलेलं नाही, ड्रायव्हर अवधूतलाही नाही. उद्या सकाळी सहाला वरचा घाट. फक्त तुम्हाला सांगतेय."

"फक्त मला?" त्याच्या तोंडून निसटलंच.

"मग दुसरं आहे कोण?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप त्याच्याकडं सरकवला.

तो चहा त्यानं उभ्याउभ्याच संपवला. मॅडम त्याच्याकडं बघत होत्या का फायलीकडं, हे त्याला कळेना.

दुपारी शहागडला हायवेवरच्या हॉटेलात कल्याण भेटला. इकडं तिकडं बघत जवळ सरकला. "मामा, आपल्यातलंच कोनीतरी तहसीलला टिप देऊन राह्यलंय. मागच्या महिन्यात दोन ट्रॅक्टर गेले. म्हनून ह्या वेळी कुनालाच सांगितलं न्हाई, पोरांला बी न्हाई. उद्या सकाळी सहाला म्या एकटाच टिप्पर लावतो वरच्या घाटावर. फक्त तुमाला म्हाईत हाय."

 तोच घाट, तीच वेळ, तेच "फक्त तुम्हाला". आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, अरे, वाळू वरच्या घाटावर आहे म्हणून टिप्पर तिथं, आणि टिप्पर तिथं म्हणून गाडी तिथं, ह्यात नवल ते काय! पण रामकिसनच्या डोक्यात डांबर उकळत होतं. त्याला कल्याणच्या नजरेत राणी दिसायला लागली. दोघांचं बोलणं झालंय, दोघांना कळलंय, दोघांनी मिळून ठरवलंय, की उद्या बघू हा कोतवाल कुणाकडं पळतो ते!

"मामा, तब्येत बराबर न्हाई का?"

"न्हाई रे, ऊन लागलं जरा," रामकिसन म्हणाला. "जल्दी जातो घरी."

वाटेत त्यानं सगळं मांडून पाहिलं. कल्याणला सांगावं तर मॅडमचा सापळा असेल. मग नोकरी जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बाईच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही. मॅडमना सांगावं तर कल्याणचा सापळा असेल. मग झुंबरबाईचा लेक मामाला कायमचा पारखा होईल, आणि वाळूवाल्या टोळक्याला कळलं तर हातपायसुद्धा शाबूत राहायचे नाहीत. दोन्हीकडं जाळं. पण एक गोष्ट त्याला एकदम सुचली, आणि सुचली तसं त्याला इतकं हलकं वाटलं की तो रस्त्यातच उभा राहिला. कुणालाच काही सांगायचं नाही! ना मिस कॉल, ना फोन. जो बोललाच नाही त्याला पकडणार कसं? कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आपण कुणाशीच लबाडी करणार नाही, असं त्याच्या मनात आलं. बरं वाटलं बिचाऱ्याला! जेवताना तो दोनदा हसला. अक्षतानं मालिका लावू का विचारलं तर म्हणाला, "नको बाई, झोपतो लवकर." आणि निजताना मोबाईल बंद करून त्यानं डाळीच्या डब्यात टाकला, उगाच हात जायला नको म्हणून.

मंगळवारी उजाडलं तरी तो गोधडीतच होता. अंगात ताप आहे असं त्यानं बायकोला सांगितलं होतं, आणि खरं म्हणजे अंग तापलंही होतं. सहा वाजले. साडेसहा. नदीकडून काहीच आवाज येईना. टिप्पर भरून वर चढतो तेव्हाची घरघर गावात ऐकू येते, तीही नाही. बघा, त्यानं मनाशी म्हटलं, सापळाच होता. कुणी आलंच नाही. त्यानं कूस बदलली आणि त्याचा डोळा लागला.

सात वाजता वाड्यावस्त्यांवरची माणसं पळायला लागली. "गाडी गेली! तहसीलची गाडी खड्ड्यात गेली!"

तो अनवाणीच पळाला. वरच्या घाटाची वाट म्हणजे एक गाडी जाईल एवढी, दोन्हीकडून बाभळी, आणि उतारावर एक आंधळं वळण. वळणावर कल्याणचा भरलेला टिप्पर आडवा उभा होता. पुढचं चाक वाटेच्या अगदी कडेला. खालच्या खड्ड्यातल्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरला होता, आणि त्या तवंगात जीपच्या टपाचा पांढरा तुकडा तेवढा दिसत होता.

अवधूत ड्रायव्हर काठावर बसला होता, दात वाजत होते. त्याला कल्याणनंच ओढून काढलं होतं. मॅडमना काढायला कल्याण चारदा बुडी मारून आला. पाचव्यांदा वर आला तो त्यांना घेऊनच आला, पण तोवर त्यांच्यात काही उरलं नव्हतं. आता त्या बाभळीखाली निजवलेल्या होत्या आणि कुणीतरी अंगावर उपरणं टाकलं होतं. पायातली एक चप्पल गेली होती.

"मी म्हटलं मॅडमला," अवधूत पुन्हा पुन्हा सांगत होता, कुणी विचारत नसताना. "म्हटलं, उशीर झालाच आहे, तर पोलीस घेऊन जाऊ. वळणाच्या अलीकडं त्यांनी गाडी थांबवायला लावली, मोबाईल बघितला. म्हणाल्या, रामकिसनचा फोन नाही, म्हणजे धोका नाही, चला."

 रामकिसननं बाभळीला धरलं.

कल्याण ओला, उघडाबंब, टिप्परच्या चाकाला टेकून बसला होता. मामा दिसला तसा तो लहान पोरासारखा रडायला लागला. "मामा, म्या तीनदा मोबाईल पाह्यला. तुमचा मिस कॉल न्हाई. म्हनून बिनधास्त आल्तो वर, हॉर्न बी न्हाई दिला. तुमाला कसं कळलं न्हाई, मामा? तुमाला तर समदं कळतंय."

 तो भाच्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. कल्याणनं तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आठच्या सुमाराला पोलिसांची गाडी आली. कल्याणला मागं बसवलं. फौजदारानं बोनेटवर कागद ठेवला आणि विचारलं, "कोतवाल कुठाय?" कुणीतरी रामकिसनला पुढं ढकललं. फौजदार जरा नरमाईनं म्हणाले, "तुमचं नाव मॅडमच्या तोंडी नेहमी असायचं. फार विश्वास होता तुमच्यावर. पंच गोळा करा जरा, पंचनामा करायचाय."

"साहेब," रामकिसन म्हणाला, "माझं नाव लिव्हा."

"पंच म्हणून? तुम्ही मॅडमच्याच खात्यातले, तुम्हाला घेता येत नाही."

"पंच म्हनून न्हाई. त्या पोराच्या नावाच्या वर लिव्हा. म्या केलंय हे."

फौजदारानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. अनवाणी पाय, तापानं लाल झालेले डोळे. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कोतवाल, तुम्ही घरी जा. धक्का बसलाय तुम्हाला. तुम्ही काय केलंय? तुम्ही तर इथं नव्हतातच."

आणि ते कागदावर वाकून पुढचं लिहायला लागले.